सोळावा दाणा

रविवारी सकाळी आमच्या घरात पहिला आवाज यायचा तो मुरमुरे पिळण्याचा. माय घमेलंभर मुरमुरे पाण्यात बुडवायची, दोन्ही हातांनी दाबून पिळायची आणि परातीत मोकळे करायची. मग चुलीवर मोठी कढई, तेलात मोहरी, हिरव्या मिरच्या, कांदा, शेंगदाणे, हळद, आणि वरून डाळ्याचं कूट. झाला सुशीला तयार. उदगीरला विहाराच्या मागच्या आमच्या गल्लीत फोडणीचा ठसका उठला की शेजारीपाजारी खोकत खोकत म्हणायचे, आज पोरांची मॅच दिसतीय. थोड्याच वेळात पंधरा पोरं अंगणात ओळीनं मांडी घालून बसायची आणि आबा, म्हणजे माझे वडील, हातात पळी घेऊन वाढायला निघायचे. दोन ताटल्या संपवल्याशिवाय कुणालाही उठायची परवानगी नव्हती. "रिकाम्या पोटानं कोण पळलंय रे आजवर?" असं ते म्हणायचे. भरल्या पोटानंही फारसं कुणी पळत नव्हतं, हे मैदानावर दर रविवारी दिसायचं; पण ते बोलून दाखवायची छाती कुणाची नव्हती, कारण कढईशेजारी माय बसलेली असायची.

आबा मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी होते. आडतीवर माल आला की तो काट्यावर घालायचा, मोजायचा आणि आकडा ओरडून सांगायचा, हे त्यांचं काम. तूर, हरभरा, ज्वारी, सारं त्यांच्या हाताखालून जायचं. या कामाबरोबर बावीस वर्षं त्यांनी आणखी एक काम केलं. आमच्या 'नवतारा' फुटबॉल क्लबाचे ते मॅनेजर होते. तरुणपणी हैदराबादला एका पाहुण्याकडे लग्नाला गेले, तिथे लग्न सोडून मॅच बघत बसले आणि परत येताना आहेरातल्या पैशातून बॉल घेऊन आले, असं माय सांगायची. सांगताना तिचा चेहरा अजून तो आहेर आठवत असल्यासारखा व्हायचा. बॉल आला म्हणून पोरं जमली, पोरं जमली म्हणून क्लब झाला, आणि बॉल आबांचा होता म्हणून मॅनेजर आबा झाले. त्यांना स्वतःला बॉल मारताना मात्र मी कधी पाहिलं नाही.

सध्या मी लातूरला मुलाकडे असतो. माझी नात कॉलेजात आहे आणि तिला फुटबॉलचं वेड आहे. विलायतेतल्या कुठल्याशा क्लबाचा मॅनेजर फार वर्षं झाली म्हणून बदलावा की जुना माणूस म्हणून ठेवावा, यावर ती आणि तिच्या मैत्रिणी मोबाइलवर हमरीतुमरीवर येतात. परवा तिनं मलाही विचारलं, "आजोबा, तुमचं मत काय?" मी म्हणालो, या बाबतीत मला मत देता येत नाही, अनुभव आहे. तिला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. तिला जे सांगत बसलो नाही ते इथे लिहून ठेवतो.

आबांचा खेळाचा सिद्धांत एका वाक्याचा होता. "आधी घर राखा." म्हणजे काय, तर आपले दहाच्या दहा गडी आपल्याच अर्ध्या मैदानात थांबायचे. समोरचे दमले की मग बघू. समोरचे दमायचे नाहीत, कारण ते सुशीला खाऊन आलेले नसायचे. आमची सगळ्यात पुढची जोडीही मधली रेघ ओलांडताना एकदा मागे वळून आबांकडे बघायची, शाळेत पाणी प्यायला जाताना मास्तरांकडे बघतात तशी. घर राखायचं म्हटलं की गोलकीपर आला, आणि गोलकीपर व्हायला कुणीच राजी नव्हतं. लोकाच्या पोरांवर जबरदस्ती कशी करणार? घरात एक पोरगं होतं, त्याला विचारायची गरज नव्हती. अशा रीतीनं सोळाव्या वर्षी मी दोन बांबूंच्या मध्ये उभा राहिलो आणि विशीत पोचलो तरी तिथेच होतो. मला पुढे खेळायचं होतं. एकदा तरी पळत जाऊन समोरच्याच्या जाळ्यात बॉल घालायचा होता. मी हे आबांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, "बघू की." त्यांच्या 'बघू की'चा अर्थ मोंढ्यातल्या हमालांनाही ठाऊक होता.

त्या वर्षी नांदेडच्या सामन्यांत आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. आधीच्या दोन वर्षांतही तेच झालं होतं, त्यामुळे नवल कुणाला वाटलं नाही. पण परतीच्या एसटीत कुणी गाणी म्हटली नाहीत, हे नवीन होतं. आमचा कप्तान करीम, शिंप्याचा मुलगा, स्वभावानं अगदी लोण्यासारखा. तो अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. अहमदपूरच्या स्टँडवर चहा पिताना त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "बुरा मत मान, पण आता आबांना आराम द्यायला पायजे. आपल्या गावच्या शाळेत एक नवे सर आलेत, कवायतीचे. रविवारी यायला तयार हायेत." मी म्हणालो, "क्लब जे ठरवील ते." मनात मात्र मी तेव्हाच मधली रेघ ओलांडून पळत सुटलो होतो, आणि त्याच वेळी आबा एसटीच्या पायरीवर गुडघा धरून, दांड्याला लटकत चढताना दिसले. त्या दिवसापासून माझ्यात दोन माणसं भांडायला लागली.

करीमनं रीतसर सभा मागितली. आता गंमत अशी की क्लबाची प्रत्येक सभा आमच्याच घरी व्हायची, दुसरी जागाच नव्हती. अध्यक्ष कायम आबा. सभेला येणाऱ्यांनी खाऊन जायचं, हाही नेम. तेव्हा आबांना काढण्याची सभा आबांच्याच अंगणात, आबांच्याच अध्यक्षतेखाली, मायच्या हातचा सुशीला खाऊन सुरू झाली. करीम उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, "मावशी, सुशीला लई भारी झाला." आणि खाली बसला. मग बसप्पा उठला. हा आमचा फुलबॅक, घरात कानडी बोलणारा, दाराच्या चौकटीएवढा गडी. तो आबांचे उपकार मोजता मोजता रडायलाच लागला आणि "अय्यो, मला न्हाई जमणार" म्हणून बसला. शेवटी आबांनाच दया आली. ते म्हणाले, "मुद्दा असा हाय की म्यानेजर बदलावा का ऱ्हाऊ द्यावा. बराबर ना? मग मत घ्या. आन् मत गुप्तच ऱ्हाईल. घटनेत लिव्हलंय."

गुप्त मताची आमची स्वतःची पद्धत होती. कप्तान निवडायचा असो की बनियनचा रंग, ती ठरलेली. प्रत्येकाला एक अख्खी तूर आणि एक हरभरा मिळायचा. एकेकानं आतल्या खोलीत एकट्यानं जायचं, तिथे तोंडाला फडकं बांधलेली घागर असे, तिच्यात आपल्या मताचा दाणा टाकायचा. उरलेला दाणा मागच्या दारानं बाहेर पडताना झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात टाकायचा, म्हणजे कुणी काय टाकलं हे कुणालाच कळू नये. या वेळी तूर म्हणजे आबा राहतील आणि हरभरा म्हणजे बदल, असं ठरलं. पुढच्या दारात करीम दाणे देत होता. मागच्या दारात माय डबा घेऊन बसली होती. मतं पंधरा. आबांना मत नव्हतं. फक्त बरोबरी झाली तर मॅनेजर म्हणेल तसं, हा पहिल्यापासूनचा नेम होता.

माझा नंबर शेवटून दुसरा. उजव्या मुठीत तूर, डाव्या मुठीत हरभरा घेऊन मी त्या घागरीपुढे उभा राहिलो. भिंतीवर खुंटीला आबांची शिट्टी टांगलेली होती. तूर टाकावी तर मी जन्मभर बांबूंच्या मध्ये. हरभरा टाकावा तर या माणसाचे रविवार मी माझ्या हातानं संपवणार. मोंढ्यात दिवसभर दुसऱ्यांचा माल मोजणाऱ्या माणसाचं स्वतःचं म्हणून एवढंच तर होतं. आज सत्तरी ओलांडल्यावरही यातलं कुठलं मत खरं होतं ते मला सांगता येत नाही. बाहेरून बसप्पा ओरडला, "निजलास का रे आत? लवकर कर की." मी दचकलो, दोन्ही हात फडक्याखाली घातले आणि दोन्ही दाणे सोडले. मुद्दाम केलं म्हणावं तर तसं नाही, चुकून झालं म्हणावं तर तसंही नाही. मागच्या दारानं बाहेर आलो तेव्हा माझे दोन्ही हात मोकळे होते. मायनं डबा पुढे केला. मी त्यावर नुसता हात फिरवला आणि परसातून वळसा घालून अंगणात जाऊन बसलो.

आबांनी सगळ्यांदेखत घागर सुपात पालथी केली. मोंढ्यातल्या सवयीनं पहिल्या दाण्याला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणाले. तो दाणा हरभऱ्याचा होता. कुणालाच हसू आलं नाही. मग ते एकीकडे तूर, एकीकडे हरभरा लावत गेले. तूर आठ. हरभरा आठ. बसप्पा टाळी वाजवून उठला, "बरोबरी! आता म्यानेजर म्हणंल तसं! संपला की विषय!" निम्म्याहून जास्त पोरांचे चेहरे उजळले, हरभरा टाकणाऱ्यांचेसुद्धा. त्या क्षणी आबांनी मान हलवली असती तर ते मॅनेजर राहिले असते. पण ते सुपाकडेच बघत होते. म्हणाले, "माणसं पंधरा. दाणे सोळा."

करीमचा चेहरा उतरला. "आबा, खुदा की कसम, मी ज्याला त्याला एकच तूर, एकच हरभरा दिला." आबा म्हणाले, "तुला कोण म्हनून राहिलं? डब्यातले दाणे बघू. पंधरा असले तर सोळावा बाहेरून आला. कमी असले तर आपल्यातल्याच कुणी दोन टाकले." डब्यात चौदा दाणे होते हे त्या अंगणात मला एकट्याला ठाऊक होतं, असं मला वाटत होतं. मॅनेजरच्या पोरानंच लबाडी केली, हे आता चौदा जण ऐकणार होते, आणि आबा पंधरावे. एवढ्यात मागच्या दारातून माय आली. हातात डबा होता, तो तिनं सगळ्यांसमोर पालथा करून दाखवला. रिकामा. म्हणाली, "दाणे व्हय? मी कोंबड्यांना टाकले."

ती पदराला हात पुसत म्हणाली, "आन् सोळावा दाणा माझा हाय. कुणाला इचारू नका." आबा म्हणाले, "तुला मत कुठं हाय?" मग मात्र मायचा आवाज चढला. "बावीस वर्सं तुमच्या क्लबासाठी मुरमुरे भिजवून राहिले मी, अन् मला मत न्हाई? तुमच्या घटनेत बायांना मत न्हाई का हो?" सगळी पोरं हसली, करीम तर डोळे पुसायला लागला. आबाही हसले. हसत हसतच त्यांनी विचारलं, "बरं, काय टाकलंस?" माय म्हणाली, "काय टाकणार? तूर. नवऱ्याला पाडीन का मी?" आबांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की ते बघायला मला लाज वाटली. मग त्यांनी सुपातली एक तूर उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "क्लबाबाहेरचं मत बाद." आणि सुपाकडे वळून, आडतीवर आकडा सांगतात तशा खड्या आवाजात म्हणाले, "तूर सात. हरभरा आठ." पोरांना हिशेब कळायला थोडा वेळ लागला. मला तर त्याहूनही जास्त.

संध्याकाळी चुलीपुढे मी मायजवळ बसलो. ती भाकरी थापत होती. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "चौदा बारीला डबा वाजला. तुझ्या बारीला न्हाई वाजला." मी खाली मान घालून विचारलं, "मग तूर कामून म्हणलीस? हरभरा म्हणली असतीस तर आबा राहिले असते." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. म्हणाली, "त्येंचे गुडघे बघितलास का? रोज रातच्याला तेल मी लावती, क्लब न्हाई लावत. हरभरा म्हणले असते तर ते राहिले असते, पण बायकू उलटली म्हून झुरले असते. आता गेले बी, अन् खुश बी हायेत." आमच्या क्लबाला बावीस वर्षांत डावपेच कळणारं एकच माणूस मिळालं होतं आणि ते मुरमुरे भिजवत बसलं होतं. तरी बोलता बोलता तिची एक भाकरी तव्यावर करपली, आणि मायची भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. नवऱ्याशी खोटं बोलणं तिला सोपं गेलं नव्हतं.

नवे सर आले. त्यांनी सुशीला बंद करून प्रत्येकाला एक केळं दिलं, सगळ्यांना मैदानाभोवती पळवलं आणि पुढे जाऊन खेळायला शिकवलं. मी पुढे खेळायचं म्हणून त्यांच्यासमोर छाती काढून उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "उंची चांगली आहे. तू गोलमध्येच रहा." एवढं सगळं रामायण करून मी पुन्हा त्याच दोन बांबूंच्या मध्ये उभा होतो. हे घरी सांगितलं तेव्हा माय इतकी हसली की तिला ठसका लागला. आबा हसले नाहीत. ते दोन रविवार मैदानाकडे फिरकलेच नाहीत. घरात बसून पंखा दुरुस्त करत राहिले. पंखा चांगला चालत होता, तो त्यांनी बिघडवून दाखवला.

तिसऱ्या रविवारी उमरीचा संघ आमच्याकडे खेळायला आला आणि आबा आले. क्लबाच्या बाजूला बसले नाहीत. पलीकडे, किल्ल्याच्या अंगाला, बघ्यांच्या गर्दीत पोतं टाकून बसले. पहिल्या हाफात आम्ही एक गोल केला. मी खेळायला लागल्यापासून आम्ही हाफटाइमला पुढे असल्याचं मला आठवत नाही. सगळे सरांभोवती नाचत होते. मला ते बघवेना. मी मैदान ओलांडून आबांकडे गेलो, पोत्याच्या कडेला बसलो आणि म्हणालो, "आबा, त्या दिवशी मायनं दाणा टाकला नव्हता. दोन्ही मीच टाकले."

आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "ठावं हाय." मी विचारलं, कधीपासून? "त्याच घडीला. तुझ्या मायनं कवा निवडलेला दाणा कोंबड्यांना टाकलाय का? सांडलेला एक दाणा ती भुईवरनं येचून ठिवती." मी म्हणालो, "मग बोलला का नाहीत? माझे दोन्ही दाणे बाद केले असते तर सात-सात. बरोबरी. तुमचंच मत धरलं असतं." आबा म्हणाले, "त्ये मला कळत न्हाई का? मापाडी हाय मी." मग गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "चौदा पोरांम्होरं तुला उभं करायचं, खोटं पाडायचं, अन् मग म्यानेजर व्हायचं. न्हाई जमलं बाबा. जा, शिट्टी झाली." पुन्हा हाक मारून एवढंच बजावलं, "मायला सांगू नको. तिला वाटू दे, मला कळलं न्हाई म्हून." मी सांगितलं नाही. ती गेली तोवर तिला तसंच वाटत राहिलं, किंवा तसं वाटत असल्याचं ती दाखवत राहिली.

मी बांबूंच्या मध्ये जाऊन उभा राहिलो, पण मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं. डोळे पुसावेत तर पुन्हा भरत होते. उमरीच्या एकानं लांबून, अगदी सहज म्हणून बॉल मारला आणि तो माझ्या बाजूनं टप्पे घेत आत गेला. बघ्यांतून कुणीतरी मला आईवरून शिवी दिली आणि ओरडला, "आंधळा हाय का रे ह्यो?" तेव्हा त्या गर्दीतून आबांचा आवाज आला, आडतीवर आकडा सांगतात तो नव्हे, दुसराच, मी कधी न ऐकलेला. "ए! पोरगं हाय ते माझं! नीट बोल!" बावीस वर्षं ते मैदानावर मॅनेजर होते, माझ्या चुकीवर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात तेच ओरडायचे. त्यानंतर माझ्याकडून आणखी दोन गोल गेले. दोन्ही वेळा तो आवाज आला.